पाय उचल

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही, हे मला जास्त लागलं होतं.

हायवेवर दोन ट्रक शेजारी शेजारी चालले होते. कडेच्या लेनमध्ये बंद कंटेनर आणि दुभाजकालगतच्या लेनमध्ये ताडपत्री आवळलेला दहाचाकी. दोघांचा वेग इतका सारखा, की एकाच दोरीला बांधल्यासारखे. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे आणखी पाच-सहा गाड्या. आई मागच्या सीटवर झोपली होती. मी आधी एकदा डिपर दिला, मग दोनदा, मग हॉर्नवर तळहात ठेवला तो ठेवलाच. ताडपत्रीचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं आणि त्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर माझ्या कपाळावरची शीर उडत होती. दहाचाकीच्या लांबट आरशात ड्रायव्हर दिसत होता. दिसत होता म्हणजे त्याचा एक कान आणि गालाची कड. तोंड दुसरीकडे, पलीकडच्या आरशाकडे. मी एवढा हॉर्न वाजवतेय, दिव्यांनी त्याचा आरसा उजळून काढतेय, आणि हा माणूस एकदाही मान वळवत नाही. दोन-अडीच मिनिटं झाली असतील, मला ती संपता संपेनात. शेवटी तो कंटेनरच्या पुढे सरकला, सावकाश कडेच्या लेनमध्ये गेला, आणि मी इतक्या जोरात गाडी काढली की आई दचकून उठली. "काय गं, काय झालं?" "काही नाही. हे ट्रकवाले. रस्ता बापाचा असल्यासारखे चालतात." आईनं मागे पडत चाललेल्या त्या ट्रककडे काचेतून पाहिलं आणि झोपेतल्या आवाजात म्हणाली, "त्याच्या पाठीवर केवढं आहे बघितलंस का?"

एवढं बोलून तिचा पुन्हा डोळा लागला. आई ट्रकबद्दल बोलत होती की माणसाबद्दल, कोण जाणे. पण 'पाठीवर' हा शब्द मला घरी पोचेपर्यंत पुरला. लहानपणी आजोबांबरोबर चालताना मी सगळ्यांत जास्त ऐकलेले दोन शब्द म्हणजे 'पाय उचल'. मी रेंगाळायची, दगड उडवायची, आणि ते पुढून न वळता म्हणायचे, पाय उचल. पण हेच आजोबा अरुंद पायवाटेवर समोरून डोक्यावर मोळी घेतलेलं कुणी दिसलं, की माझा दंड धरून मला बाजूला घेत आणि थांबत. आम्ही रिकाम्या हातांचे, चटचट निघून गेलो असतो. ते माणूस मात्र मान ताठ ठेवून, नजर दहा पावलं पुढे लावून, लहान लहान पावलं टाकत यायचं. गवताला त्याचा पदर किंवा धोतर घासल्याचा आवाज, जवळून जाताना आलेला ओल्या लाकडाचा वास, आणि पुढे गेल्यावर न वळता दिलेला एक हुंकार. मी एकदा विचारलं होतं, आपणच का थांबायचं? तर म्हणाले, "ओझं थांबवू नये. थांबलं की ते दुप्पट होतं." मला तेव्हा ते नुसतं चांगुलपणाचं बोलणं वाटलं होतं.

माझं काम छापखान्याचं. काही महिन्यांनी कागदाच्या गिरणीतून परतताना माझी गाडी वाटेत बंद पडली. मागून आमचाच कागद घेऊन ट्रक येत होता. ड्रायव्हरकाका ओळखीचे, आमच्याकडे माल उतरवायला नेहमी येणारे. त्यांनी ट्रक कडेला घेतला, दार उघडलं आणि वरून हात पुढे केला. केबिनमध्ये चढायला तीन पायऱ्या असतात आणि तिसऱ्या पायरीवर जग बदलतं, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी ज्या कागदाचा हिशेब टनांत लिहीत आले, तो कागद तेव्हा माझ्या पाठीमागे होता. वीस टनांची रिळं, प्रत्येकाच्या बुडाशी लाकडी पाचर ठोकलेली, वरून पट्टे ओढलेले. गाडी धरून तीस टन. निघण्याआधी काकांनी इंजिन सुरू ठेवून ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत वाट पाहिली, मग हँडब्रेक सोडला. फुस्स. आणि मग काहीच झालं नाही, असं मला वाटलं. गाडी हलली होती, पण ती हलल्याचं कळायला झाडाकडे बघावं लागत होतं. पहिला गिअर, दुसरा, तिसरा, प्रत्येक गिअरमध्ये इंजिन तक्रार करणार, काका ती पुरती ऐकून घेणार आणि मगच पुढचा टाकणार. सत्तरवर यायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण माझं बाटलीतलं पाणी पिऊन, रुमाल शोधून, छापखान्यात फोन करून झालं होतं.

वरून रस्ता वेगळाच दिसतो. गाडीत बसून आपण पुढच्या गाडीचे मागचे दिवे बघत असतो. काका दोन किलोमीटर पुढचं बघत होते. पुढे चढ होता. चढाच्या पायथ्याशी कडेच्या लेनमध्ये एक टँकर रांगत होता. काका चढाच्या कितीतरी आधीपासून वेग जमवू लागले, मला तर ते उगाच घाई करतायत असंच वाटलं. मग त्यांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गाडी दुभाजकालगतच्या लेनमध्ये घेतली. टँकरच्या बरोबरीला आलो आणि तिथेच अडकलो. टँकरवाल्यानंही त्याच वेळी गिअर बदलून जोर घेतला होता. आमचं नाक त्याच्या केबिनशी, पुढे सरकेना. माझ्या बाजूच्या खिडकीतून त्याच्या टाकीवरचे रिव्हेटसुद्धा मोजता येत होते. आरशात मागे एक छोटी गाडी दिसू लागली. डिपर. डिपर. मग हॉर्न. वर केबिनमध्ये तो हॉर्न किती बारीक ऐकू येतो! इंजिनाच्या घरघरीत, कुणीतरी लांब फाटकाशी उभं राहून कडी वाजवावी, तसा. मग ती गाडी आणखी जवळ आली आणि आरशातून नाहीशीच झाली. मी म्हटलं, गेली वाटतं. काका म्हणाले, "आरशात नाही म्हणजे गेली असं नसतं, ताई. बुडाशी आली असेल. आता तर जास्त जपायला हवं." हे बोलताना त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, पण नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, टँकरच्या बाजूच्या आरशावर खिळलेली होती. मी विचारलं, "काय बघताय?" "टँकरवाला पाय उचलतो का बघतोय. उचलला तर आपली शेपटी निघेल. निघाली की तो डिपर देईल. तो डिपर मिळेपर्यंत आत शिरता येत नाही. आपली शेपटी कुठं संपते ते त्याला दिसतं, मला नाही."

तेव्हा मला तो कान आठवला.

टँकरवाल्यानं पाय उचलला. डोळ्यांना फारसं काही दिसलं नाही, पण रिव्हेटांची रांग मागे सरकू लागली, मग त्याची केबिन, मग पुढचा बंपर, मग आरशात तो पूर्ण दिसला आणि त्याचे दिवे एकदा लुकलुकले. काकांनी गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली आणि इंडिकेटर एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा लावला. आभार. छोटी गाडी बाणासारखी गेली. जाता जाता त्यातल्या माणसानं वर पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती.

मी माझ्या कामात सतत अंदाज काढत असते, त्यामुळे घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसले. समजा, मागचा ट्रक ८२ च्या वेगानं आणि पुढचा ८० च्या वेगानं चाललाय. दोघांची लांबी १६-१६ मीटर, आणि मागेपुढे निदान २५-२५ मीटर मोकळे. म्हणजे मागच्याला पुढच्यापेक्षा ८२ मीटर जास्त जायचंय. ताशी २ किलोमीटरच्या फरकानं त्याला जवळपास अडीच मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ते सव्वातीन किलोमीटरहून जास्त रस्ता अडवून बसतात. पण पुढच्यानं पाय उचलून आपला वेग ७२ वर आणला, तर तेच काम अर्ध्या मिनिटात होतं. माझी ती अडीच मिनिटं दहाचाकीच्या हातात नव्हतीच म्हणायची. ती कंटेनरवाल्याच्या तळपायाखाली होती. मी सगळा हॉर्न चुकीच्या माणसाला वाजवला होता.

जर्मनीत या प्रकाराला 'हत्तींची शर्यत' म्हणतात. शब्द ऐकताक्षणी डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. तिथे साडेतीन टनांवरच्या ट्रकना ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, ८० ची मर्यादा आहे, आणि युरोपात ट्रकच्या इंजिनालाच ९० वर लगाम घालणारं यंत्र बसवलेलं असतं. कुणाचा लगाम ८९ वर, कुणाचा ८७ वर. मग हत्ती तासन्‌तास एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावतात. हाम इथल्या वरिष्ठ न्यायालयानं २००८ साली अशाच एका प्रकरणात माप घालून दिलं: ओव्हरटेक ४५ सेकंदांच्या आत व्हावा, म्हणजे दोघांच्या वेगात ताशी १० किलोमीटरच्या आसपास फरक हवा. माझ्या कागदावरचं उत्तरही दहाच्याच फरकावर जमलं होतं, त्यामुळे हे वाचताना मला फार बरं वाटलं. ब्रिटननं वेगळा मार्ग काढलाय. साडेसात टनांहून जड मालगाडीला तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सर्वांत आतली, दुभाजकालगतची लेन वापरताच येत नाही. दोन्ही नियम मला पटतात. पण दोन्ही नियम ओव्हरटेक करणाऱ्याला धरतात. ज्याला मागे टाकलं जातंय त्याच्याबद्दल रस्ते-वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात कलम आहे. त्यानं आपल्या कडेला राहावं आणि वेग वाढवू नये, असं ते म्हणतं. वाढवू नये, बस्स. कमी करावा, असं अवजड किंवा सावकाश गाडीला आणि तेही अडचणीच्या रस्त्यापुरतं सांगितलंय. मोकळ्या दुपदरी हायवेवर कुणी पाय उचलावा, हे त्या करारातलं कुठलंच कलम सांगत नाही. टँकरवाल्यानं तो उचलला नसता, तरी बहुधा कुणी त्याला दंड केला नसता.

आणि न उचलण्याचं कारणही त्याच्याकडे असतं, हे मला मान्य करावं लागतं. युरोपातल्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावं लागतं आणि एरवी दिवसाला नऊ तासच चालवता येतं. ते यंत्रात नोंदलं जातं. नऊ तासांत ताशी २ किलोमीटरचा फरक म्हणजे १८ किलोमीटर. रात्री ट्रक उभा करायला जागा मिळणार की रस्त्याच्या कडेला कुडकुडत झोपायचं, हे या अठरा किलोमीटरवर ठरू शकतं. जिथे यंत्र नोंद करत नाही तिथे मालक फोन करतो. आपल्याला जे दोन किलोमीटर क्षुल्लक वाटतात, ते त्याच्या दिवसाच्या शेवटाला लोंबकळत असतात.

वेग गमावणं म्हणजे काय, याचाही मी हिशेब केला. तीस टनांची गाडी ऐंशीवरून साठवर आली आणि पुन्हा ऐंशीवर न्यायची, तर सपाट रस्त्यावरसुद्धा नुसत्या त्या वेगापायी साधारण पाव लिटर डिझेल जातं. माझ्या गाडीला त्याच कामाला दोन-तीन चमचे पेट्रोल पुरतं. म्हणून मी ब्रेक मारते आणि विसरते. आणि चढावर तर प्रश्न डिझेलचाही राहत नाही. २८० अश्वशक्तीचं इंजिन आणि तीस टन ओझं असेल, तर १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर चाळिशीच्या वर वेग टिकतच नाही, पाय कितीही रेटा. चढाच्या पायथ्याशी जे ऐंशी आणलेले असतात तीच पुंजी. ऐंशीच्या वेगात साठलेली ताकद कुठल्याही गाडीला पंचवीस मीटर, म्हणजे सात-आठ मजले उंच चढवायला पुरेल इतकी असते. घर्षण, वारा यात थोडी जाते, पण उरते तीही पुष्कळ. काका चढाच्या आधी घाई करत नव्हते, शिदोरी बांधत होते. आणि टँकरच्या मागे ब्रेक मारून थांबले असते, तर ती शिदोरी तापलेल्या ब्रेकमधून वाऱ्यावर गेली असती. ओझं थांबलं की दुप्पट होतं. आजोबांनी कधी गणित केलं नव्हतं, त्यांनी फक्त मोळ्या वाहिल्या होत्या.

मग ट्रकनं कडेच्या लेनमध्येच राहावं, हा साधा नियम का पाळला जात नाही? मी काकांना हे सरळच विचारलं. ते काही बोलले नाहीत. मघाशी सपाटीला लागल्यावर त्यांनी गाडी कडेच्या लेनमध्ये ठेवली होती, तशीच राहू दिली आणि म्हणाले, "हात ठेवा बघू डॅशबोर्डवर." मी ठेवला. तळहातातून कोपरापर्यंत धडधड चढत होती. त्या लेनमध्ये चाकांच्या दोन खोलगट रेघा पडल्या होत्या, गाडी त्यात बसायची, मध्येच एखाद्या खड्ड्यातून उसळायची आणि मागे रिळांचे पट्टे करकरायचे. चाकोरी हा शब्द मी आयुष्यभर 'चाकोरीबद्ध', 'चाकोरीबाहेरचा' असा डोक्यातच वापरत आले. ती इथे डांबरात होती, बोटभर खोल. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवून झीज मोजली होती. तिथून निघालेला ठोकताळा असा की एका आसावरचं ओझं दुप्पट झालं, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणजे ट्रकला जी लेन दिली जाते, ती ट्रकच खातो आणि मग त्याच लेनमध्ये त्यानं गुमान चालावं अशी आपली अपेक्षा असते. त्यातच कडेला बंद पडलेल्या गाड्या, फाट्यावरून नजर न टाकता घुसणारे, पायी चालणारे. लहान गाडी यांच्यासाठी झटकन ब्रेक मारते. ट्रकच्या ब्रेकला हवा पोचायलाच अर्धा सेकंद लागतो. ऐंशीच्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात व्हायच्या आधी अकरा मीटर.

गंमत म्हणजे रस्त्यावरची ती पांढरी रेघ, जिच्या अलीकडे-पलीकडे आपण सगळे भांडतो, तिच्याशीही एका ट्रकचा संबंध आहे. १९१७ साली कॅलिफोर्नियात डॉक्टर जून मॅकॅरोल नावाची बाई आपल्या फोर्ड मॉडेल टी गाडीतून चालली होती. समोरून रस्त्याच्या मधोमध ट्रक आला आणि तिला गाडी वाळूत घालावी लागली. तिनं आधी सरकारदरबारी खेटे घातले, कुणी ऐकलं नाही, तेव्हा स्वतःच रस्त्याच्या मध्यावर मैलभर लांब, चार इंच रुंद पांढरा पट्टा रंगवला. सरकारला ती कल्पना पटायला १९२४ उजाडलं. मिशिगनमध्ये १९११ सालीच एकानं अशी रेघ आखली होती, दुधाच्या गाडीतून सांडत गेलेली रेघ बघून सुचली म्हणतात. पण मला डॉक्टर बाईच जवळची वाटते. रागावून तिनं ट्रकवाल्याला शिव्या दिल्या की नाही, माहीत नाही. ब्रश हातात घेतला एवढं नक्की. रंग वाळेपर्यंत ती तिथे कशी उभी राहिली असेल, हे चित्र मी पुष्कळदा मनात काढून पाहते.

सगळ्यांत जास्त लाज मला मोकळ्या जागेची वाटते. काका पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून चालत होते. ऐंशीच्या वेगात एका सेकंदात बावीस मीटर जातात, त्यामुळे दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं तर पंचेचाळीस मीटर रिकामे लागतात, आणि तीस टनांना तेही कमीच. ती जागा मला वरून स्पष्ट दिसत होती. दोन गाड्यांच्या मधला तो डांबराचा तुकडा म्हणजे काकांचा ब्रेक. आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी लहान गाडीवाला सुळकन त्यात शिरत होता. काका पाय उचलायचे, पुन्हा जागा तयार करायचे. पुन्हा कुणीतरी शिरायचं. मी मोजलं, तासाभरात चौदा वेळा. एकदाही त्यांनी हॉर्न वाजवला नाही. चौदाव्यांदा मीच म्हणाले, "किती वेळा सोडणार?" ते म्हणाले, "मागं वीस टन रिळं आहेत, ताई. मी जोरात ब्रेक मारला तर त्याला काही होणार नाही कदाचित, पण ती पाचर निघाली तर पहिलं रीळ आपल्या दोघांच्या पाठीत येईल." मी आजवर अशा किती जागांमध्ये शिरले असेन! मला ती नेहमी 'रिकामी' वाटायची.

असं असूनही सगळे ट्रकवाले काकांसारखे असतात, असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. कडेची लेन गुळगुळीत आणि मोकळी असताना निव्वळ सवयीनं दुभाजकाला चिकटून जाणारे असतात. मागचे दिवे बंद ठेवून रात्री सावल्यांसारखे चालणारे असतात. त्यांच्यातल्या एकाच्या मागे मी एकदा इतक्या उशिरा ब्रेक मारलाय की अजून आठवलं तरी पायाचा अंगठा आखडतो. आणि भरलेली गाडी उतारावर सोडून ओव्हरटेक करणाऱ्यांना माझ्याकडे क्षमा नाही. चढावर ट्रकनं आतल्या लेनमध्ये यावं, मी आता थांबेन. उतारावर त्यानं कडेलाच राहावं, खालच्या गिअरमध्ये, ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये. काकांनी उतार लागताच गाडी कडेला घेतली होती आणि इंजिनच्या ब्रेकवर रोखून धरली होती. इंजिन खर्जात गुरगुरत होतं. मागून एक भरलेला ट्रक आमच्या बाजूनं सुसाट खाली गेला. तो गेल्यावर केबिनमध्ये करपट, धातूचा वास शिरला, तापलेल्या ब्रेक-लायनरचा. काकांनी काच वर केली. "चढावरचा वेग आपला असतो," ते म्हणाले, "उतारावरचा नुसता ओझ्याचा." पुढचं अख्खं वळण संपेपर्यंत ते त्या ट्रकचे लाल दिवे शोधत राहिले, आणि ते दिसले तेव्हा स्टिअरिंगवरची त्यांची पकड सैल झालेली मी पाहिली.

परवा पुन्हा आईला घेऊन निघाले होते. पाऊस. वायपर पूर्ण वेगात, तरी समोरचं पुसट. मी कडेच्या लेनमध्ये साठच्या आसपास होते, काही घाई नव्हती. पुढे चढ दिसत होता. आरशात पिवळे दिवे मोठे होत गेले, मग इंडिकेटर लागला आणि एक भरलेला ट्रक बाहेर निघून माझ्या बरोबरीला आला. त्याच्या चाकांचं पाणी माझ्या काचेवर इतकं आलं की क्षणभर मी पांढऱ्या भिंतीत गाडी घालतेय असं वाटलं. अशा वेळी पाय आपोआप खाली जातो. पुढे निघून जावंसं वाटतं, हे पाणी नको, ही घरघर नको. माझाही गेला. मग लक्षात आलं, चाकं माझ्या खिडकीशीच आहेत, तो सरकत नाहीये, आणि वर केबिनमध्ये कुणीतरी आता पलीकडच्या आरशातून मला बघत असेल.

पाय उचल.

मी उचलला. तीन, चार, पाच सेकंद. चाकं पुढे गेली, हौदा पुढे गेला, मागची साखळी पावसात हेलकावे खात गेली, आणि काचेवरचं पाणी एकदम विरळ झालं. मी दिवे एकदा लुकलुकवले. तो माझ्या पुढे आला, चढाला लागला, आणि पावसाच्या पडद्याआड त्याचा एका बाजूचा दिवा लागला, मग दुसऱ्या बाजूचा.

मागच्या सीटवर आई जागीच होती. तिनं पुढे वाकून विचारलं, "ओळखीचा होता का गं कुणी?"